वाकड्या खिडक्यांच्या खिट्ट्या

इंग्लंडला जाऊन आलो म्हटलं की आमच्या यशवंतपूरच्या मंडळातल्या बायका विचारतात, तो नदीकाठचा मोठा पाळणा पाहिला का? राजवाडा पाहिला का? मी सांगते, लंडनचा विमानतळ पाहिला, आणि त्यानंतर एक हॉटेल पाहिलं. आतून, बाहेरून, माळ्यावरून, आणि खिडक्यांच्या तर फटीफटीतून. यावर त्यांचे चेहरे पडतात. एवढ्या लांब जाऊन हॉटेल काय बघायचं, हॉटेलं काय मल्लेश्वरमला नाहीत? म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. ज्यांना पाळणा बघायचा असेल त्यांनी तो जरूर बघावा, माझी काही ना नाही.

पीण्या

श्रीकांत म्हणजे माझे यजमान, आणि मी, अशी आमची दोघांची बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत एक लहानशी शेड आहे. पितळेचं ओतकाम आणि त्यावरचं फिनिशिंग. माप, ड्रॉइंग, लेथ हा श्रीकांतचा प्रांत. घासणं, चमकवणं आणि पॅकिंग हा माझा. सासरे सांगलीहून इथल्या सरकारी कारखान्यात नोकरीला आले आणि बेंगळुरूचेच होऊन गेले. श्रीकांतनी नोकरी न धरता शेड काढली, याचं त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटत होतं.

आता श्रीकांतचे गुडघे दुखतात. उभ्यानं लेथवर काम होत नाही. आमची एकुलती एक मुक्ता बर्मिंगहॅमला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, ती काही पितळ ओतायला परत येणार नाही. तेव्हा शेड आमच्या जुन्या फिटरला, मंजुनाथला, चालवायला द्यायची असं ठरलं होतं. फक्त शेवटची एक ऑर्डर श्रीकांतना स्वतःच्या हातानं पुरी करायची होती. "शेवटचं काम चोख गेलं पाहिजे," एवढंच ते म्हणायचे, पण दिवसातून चारदा म्हणायचे.

ही ऑर्डर मुक्तामुळे आली. ती ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर श्रॉपशर परगण्यातल्या एका जुन्या हॉटेलात राहायला गेली होती. हॉटेल म्हणजे मूळचा खेड्यातल्या जमीनदाराचा वाडाच. त्याच्या मालकीणबाई, हेस्टर, तक्रार करत होत्या की मागच्या बाजूच्या खिडक्यांच्या पितळी खिट्ट्या निम्म्याहून अधिक हरवल्या आहेत, आणि इतक्या थोड्या नगांसाठी कुणी हात लावायला तयार नाही. मुक्ता म्हणाली, माझे आईबाबा करतात. महिन्याभरात नमुन्यासाठी उरलेल्या जुन्या खिट्ट्या कुरियरनं पीण्यात हजर झाल्या. काळ्याकुट्ट, चुलीतून काढल्यासारख्या.

प्रत्येक नमुना दुसऱ्यापेक्षा जरा वेगळा होता. एकाची मान डावीकडे झुकलेली, एकाचं नाक आखूड. श्रीकांत म्हणाले, "वापरून वापरून वाकल्यात." त्यांनी सगळ्यांचा मध्य काढला, सुरेख ड्रॉइंग केलं, आणि सगळ्या नव्या खिट्ट्या एकसारख्या ओतल्या. जुळ्या बहिणीही इतक्या सारख्या नसतील.

तेवढ्यात आयुधपूजा आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पीण्यातल्या शेडशेडमधून मशिनं धुतात, हत्यारं घासतात, त्यांना गंध-फूल वाहतात, दारात कोहळा फोडतात. मी आमची सगळी हत्यारं लखलखीत केली. मग त्या पाहुण्या खिट्ट्यांकडे लक्ष गेलं. लोकांच्या घरची वस्तू अशी काळी परत पाठवायची? शेजारणीचं भांडंसुद्धा आपण घासूनपुसून देतो, आणि रिकामं तर कधीच देत नाही. मी एकेक खिट्टी आधी बारीक एमरीच्या घासपट्टीवर आणि मग कापडी चाकावर धरली. सोन्यासारख्या निघाल्या. खोक्यात नव्या आणि जुन्या दोन्ही नीट गुंडाळून ठेवल्या आणि रिकामं जाऊ नये म्हणून वर चंदनाच्या साबणाची वडी ठेवली. मनातून मी स्वतःवर फार खूश होते.

काही आठवड्यांनी मुक्ताच्या फोनवरून निरोप आला. हेस्टरबाईंनी कळवलं होतं, खिट्ट्या इतक्या देखण्या आहेत की एक मी जेवणाच्या टेबलावर ठेवली आहे. फक्त एकही खिडकी लागत नाही.

श्रीकांतनी शिल्लक राहिलेली खिट्टी काढून व्हर्नियरनं पुन्हा मोजली. "माप बरोबर आहे," ते म्हणाले. "त्यांच्या खिडक्या चुकल्या असतील."

पण त्यांचं जेवणावरून लक्ष उडालं. हिवाळाभर हॉटेलची मागची बाजू बंद ठेवावी लागणार, ईस्टरच्या सुट्टीत पाहुणे येतात, तोवर खिडक्या लागल्या नाहीत तर खोल्या उघडताच येणार नाहीत, असंही कळलं होतं. आपलं शेवटचं काम खोक्यात भरून परत येणार, हा विचार त्यांना खात होता. शेवटी मीच म्हटलं, लेक कधीची बोलावते आहे, तर जाऊन त्या खिडक्या डोळ्यांनीच बघू या. हेस्टरबाईंना कळवलं तर त्यांनी राहायलाच बोलावलं.

विमानतळावर श्रीकांतच्या हातातल्या पिशवीत पाणसळ निघाली. भिंत, फरशी सपाट आहे का ते बुडबुड्यावरून सांगणारी पितळी पट्टी. सासऱ्यांची आहे ती. तपासणीचा साहेब ती उलटीसुलटी करत म्हणाला, "इदु एनु सार?" हे काय म्हणून विचारल्यावर श्रीकांतनी त्याच्याच टेबलावर ती ठेवली आणि टेबल डावीकडे उतरलं आहे हे त्याला दाखवून दिलं. मागे रांग खोळंबलेली. साहेबानं बुडबुड्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाला, "सरी सार, होगी." ठीक आहे, जा, असं त्यानं म्हटल्याबरोबर मी पिशवी उचलली.

श्रॉपशर : पुढची बाजू

मुक्तानं गाडीनं सोडलं. मार्चअखेर होती. कुंपणाकाठी पिवळी फुलं आणि कुरणात मेंढ्यांची कोकरं. आकाश मात्र पीण्यातल्या पत्र्याच्या रंगाचं.

वळणानंतर घर दिसलं आणि श्रीकांत गाडीतच सरळ बसले. लाल विटांचं, दुमजली, मधोमध पांढरं दार. दाराच्या डाव्या हाताला जेवढ्या खिडक्या तेवढ्याच उजव्या हाताला. उंच, वरखाली सरकणाऱ्या तावदानांच्या, वरच्या मजल्याची खिडकी खालच्या खिडकीच्या नेमकी डोक्यावर. विटांचे सांधे आखून काढल्यासारखे. "वसू, बघ," श्रीकांत म्हणाले, "सगळं एका रेषेत. आणि म्हणे आमची खिट्टी बसत नाही."

हेस्टरबाई दारात आल्या. सत्तरीच्या, उंच, गळ्यात मोत्यांचा सर आणि पायात चिखलाचे गमबूट. श्रीकांतनी घराचं कौतुक केलं तशा त्या हसल्या आणि वर बोट दाखवून म्हणाल्या, "ती शेवटची खिडकी खोटी आहे."

खरंच खोटी होती. भिंतीवर रंगवलेली. तावदानांच्या पट्ट्या, आतला अर्धा ओढलेला पडदा, सगळं रंगानं काढलेलं. तिथं आतून धुराड्याची भिंत येते, त्यामुळे खिडकी फोडता येईना. पण दोन्ही बाजू सारख्या दिसायला तर हव्यात, म्हणून कुण्या पूर्वजानं रंगाऱ्याला बोलावलं. एवढंच नाही. ही विटांची अख्खी पुढची बाजूच मागाहून चढवलेली. आतलं घर त्याच्याही आधीचं, लाकडाचं, वाकडंतिकडं. विटांची फॅशन आली तेव्हा घरमालकाला त्याची लाज वाटायला लागली, म्हणून त्यानं पुढून नवा चेहरा लावून घेतला.

मला हे अगदी ओळखीचं वाटलं. आमच्याकडे जुन्या बंगल्यांना, ज्यांच्या दारा-खिडक्यांवर लाकडी पट्ट्यांच्या टोकदार टोप्या असायच्या, पुढून निळी काच लावून कॉम्प्लेक्स करतातच की. निदान ह्या माणसानं मागचं पाडलं तरी नाही. श्रीकांत मात्र त्या खोट्या खिडकीकडे जरा दुखावल्यासारखे बघत राहिले.

मुक्ता चहा पिऊन कामावर परत गेली. जाताना मला म्हणाली, "आई, प्लीज बाबांना सांग, रिलॅक्स व्हा. हॉलिडे समजा." बाबा तेव्हा पाणसळ घेऊन जिन्याचा कठडा तपासत होते.

मागची बाजू

आमची खोली मागे, जुन्या भागात होती. तिथल्या खिडकीची खिट्टी हेस्टरबाईंनी आमच्यासाठी दोरीनं बांधून ठेवली होती. दोरी बघून मला हसू आलं. पीण्यात चमकवायच्या चाकाजवळची आमची खिडकी वर्षानुवर्षं तारेनं बांधलेली आहे. गावभर खिट्ट्या पुरवायच्या आणि आपल्याकडे तार, असं आमचं दिव्याखाली अंधाराचं काम.

खोलीत पाऊल टाकलं आणि मी आपोआप चार पावलं पुढे गेले. जमीन उताराची! पलंगाच्या पायथ्याच्या दोन्ही पायांखाली लाकडी ठोकळे होते, म्हणून पलंग तेवढा सपाट. टोपलीतलं संत्रं हातून सुटलं ते गडगडत थेट समोरच्या भिंतीपाशी गेलं. श्रीकांतनी जमिनीवर पाणसळ ठेवली तर बुडबुडा एका टोकाला जाऊन जो बसला तो हलेना. त्यांनी पाणसळ उचलली, कापडात गुंडाळली आणि बॅगेच्या तळाशी ठेवून दिली. मला त्यांची फार दया आली.

सकाळी न्याहारीला टोस्ट, परतलेले मशरूम, टोमॅटो आणि टोमॅटोच्याच रसातले घेवड्याचे गोडसर दाणे. मी डब्यातली चटणी पुडी, म्हणजे आपली कोरडी चटणी, काढली आणि लोणी लावलेल्या टोस्टवर भुरभुरवली. हेस्टरबाईंनी जरा चाखून पाहिली, डोळ्यांत पाणी आणलं आणि पुन्हा घेतली. मी तो स्टीलचा डबा त्यांच्याच टेबलावर ठेवून दिला.

मग कॉलिन आला. तो त्या घराचा सुतार. त्याचे वडीलही इथलेच सुतार होते. माणूस चांगला सहा फुटांवर, आणि घराच्या तुळया बुटक्या, त्यामुळे दर दारात तो वाकून जायचा. श्रीकांत उंचीनं बेताचे असल्यामुळे ह्या घरात ते एकटेच ताठ चालत होते. कॉलिननं आम्हाला सगळी मागची बाजू दाखवली.

लोक ह्या घरांचे फोटो काढतात ते पांढऱ्या भिंतीवरच्या काळ्या लाकडांसाठी. कॉलिन म्हणाला की काळा रंग मागाहूनचा. मूळ ओक लाकूड करडंच होतं. घराचा सांगाडा सगळा ओकच्या तुळयांचा, आणि खिळा औषधालाही नाही. तुळईत खाच, खाचेत दुसऱ्या तुळईचं तासलेलं टोक, म्हणजे कूस, आणि आरपार लाकडी खुंटी. दोन तुळयांमधली भिंत कशाची, तर काटक्या विणून त्यावर माती, पेंढा आणि शेण लिंपलेलं. "म्हणजे कुडाची भिंत!" मी म्हटलं. आजोळी गोठ्याला कुडाच्याच भिंती होत्या. इंग्लंडला येऊन शेणानं सारवलेल्या भिंतीला पाठ टेकून बसेन असं कधी वाटलं नव्हतं. कॉलिनला मी आजोळचं सगळं सांगितलं, आणि त्यानं ते मन लावून ऐकलं.

वाकडेपणाचं कारण असं की ओक ओला असतानाच कापायचे आणि ओलाच उभा करायचे. मग तो घरातच वर्षानुवर्षं वाळत जायचा, पीळ खायचा, कलायचा, आणि त्याच्याबरोबर जमीन, चौकटी, सगळंच कलायचं. खुंट्यांचे सांधे त्यामुळे उलट घट्ट होत जायचे. माळ्यावर नेऊन कॉलिननं टॉर्च मारला. तुळयांच्या सांध्यांवर पटाशीनं मारलेल्या खुणा होत्या. एक रेघ, दोन रेघा, फुली. एका तुळईवर जी खूण, तीच तिच्यात बसणाऱ्या दुसऱ्या तुळईवर. सुतारांनी सांगाडा आधी अंगणात आडवा जुळवला, खुणा केल्या, सोडवला, आणि मग इथं उभा केला. कारण ह्या खाचेत हीच कूस बसणार, दुसरी नाही.

"आपण मशीन उघडताना जोडीच्या भागांवर पंचनं सारखी खूण मारतो, तसंच," श्रीकांत हळूच म्हणाले. आणि एका फुलीवरून बोट फिरवत राहिले.

खाली आल्यावर कॉलिननं जुन्या खिट्ट्यांपैकी एक हातात घेतली. मी चमकवलेली, झगझगीत. तिची मागची बाजू अंगठ्यानं पुसत तो म्हणाला, "इथं कानशीनं मारलेल्या खुणा होत्या. कुठे दोन, कुठे तीन. ज्या खिडकीची जी, तिची ती. मी आधी लिहून ठेवायला हवं होतं."

त्या रेघा मी पाहिल्या होत्या. पाहिल्या होत्या आणि ओरखडे समजून एमरीवर धरल्या होत्या. श्रीकांतनी माझ्याकडे पाहिलं.

मीच सांगून टाकलं. हेस्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांना फक्त कळेना की घासल्या कशाला. मग मी त्यांना शेजारणीच्या भांड्याची गोष्ट सांगितली. घासूनपुसून द्यायचं, रिकामं द्यायचं नाही. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे तो साबण त्यासाठी होता! मला वाटलं खिट्ट्या धुवायला पाठवलाय. मी धुतल्यासुद्धा."

कॉलिन इतका मोठ्यानं हसला की तुळईवर डोकं आपटून घेतलं. मग मीही हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. हेस्टरबाईंनी माझा हात धरला आणि चहा मागवला. तो हात मी विसरणार नाही.

खिडक्या

दुसऱ्या दिवशी श्रीकांत आणि कॉलिन एका नव्या खिट्टीवर डोकं खाजवत बसले होते. जुन्या खिट्ट्यांपैकी कुठली कुठल्या खिडकीची ते कळलं असतं, तर त्या जुन्या कारागिरानं कुठल्या कलाला मान किती झुकवली याचा अंदाज आला असता, आणि त्यावरून नव्यांना वळण देता आलं असतं. तोच दुवा मी पुसून बसले होते.

मला हातावर हात ठेवून बसवेना. फडकं घेतलं आणि पलीकडच्या खोलीतली खिडकी पुसायला लागले. लोखंडी पट्ट्यांची झडप, तीत शिशाच्या काठांत बसवलेल्या हाताएवढ्या काचा. त्या काळी मोठी काच करताच यायची नाही. बाहेर ऊन पडलं होतं आणि ते तिरपं चौकटीवर येत होतं. लाकडावरून फडकं फिरवताना बोटाला काही लागलं. खोलगट, गुळगुळीत, चंद्रकोरीसारखं वळण. माझं सगळं आयुष्य पृष्ठभाग हातानं चाचपण्यात गेलं आहे. घासलेलं आणि झिजलेलं यातला फरक मला डोळे मिटून कळतो. हे झिजलेलं होतं. खिट्टी बंद करताना तिचं नाक रोज इथं घासत गेलं होतं. शंभर वर्षं, का त्याहून जास्त, देव जाणे.

"अहो, जरा इकडे या," मी हाक मारली. "जुन्या खिट्ट्या घेऊन या."

एकेक खिट्टी त्या वळणावर धरून पाहिली. एकीचं नाक आखूड पडलं. दुसरीचं कोरीबाहेर गेलं. तिसरी कोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी सरकत गेली की तिला वाट पाठ होती. झडप लागली. कॉलिन म्हणाला, "हीच."

पुढच्या खिडकीतही कोर होती, जरा वेगळी. त्याच्या पुढच्याही. मी पुसलेली खूण घरानं जपून ठेवली होती. चौकटीवर हात ठेवून मी त्या घराला नमस्कार केला, सगळ्यांच्या देखत, आणि मला जराही संकोच वाटला नाही.

संध्याकाळपर्यंत जुन्या खिट्ट्या आपापल्या घरी गेल्या. एक मात्र उरली. हेस्टरबाईंनी जिन्याच्या वळणावर नेऊन दाखवलं. तिथं कधीकाळी खिडकी होती, ती फार पूर्वी विटांनी बुजवली होती. कुणीतरी खिट्टी तेवढी काढून ठेवली असणार.

आता नव्या खिट्ट्या. ज्या खिडक्यांची जुनी खिट्टी हरवली, त्यांच्यावरही कोर होतीच. त्या कोरीवर नवीचं नाक चालायला हवं. म्हणजे प्रत्येकीला तापवून वेगळं वळण द्यायचं, वेगळी कानस मारायची. श्रीकांत कितीतरी वेळ एक खिट्टी हातात धरून बसले. "सरळ केलेली वस्तू मी मुद्दाम वाकडी करू?"

"इतकी वर्षं माझ्याशी जुळवून घेतलंत," मी म्हटलं, "मग खिडकी काय चीज आहे?"

ते हसले आणि उठले. कॉलिननं गॅसची बत्ती पेटवली. श्रीकांत पितळ लालसर होईपर्यंत तापवायचे, गार होऊ द्यायचे, लाकडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीनं हलकेच मारायचे, खिडकीवर धरायचे, पुन्हा यायचे. तोंडानं पीण्यातली भाषा चालू. "स्वल्प... आणखी स्वल्प... सरी." जरा जरा करत, जमेपर्यंत. दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलिन खिडकीशी उभा राहून आम्हाला ओरडून सांगत होता, "स्वल्प, स्वल्प!" जेवणाच्या सुट्टीत तो आपलं चीज-कांद्याचं सँडविच चटणी पुडी घालून खायला लागला. श्रीकांतचे गुडघे दुखत होते, पण त्यांनी त्या दिवसांत एकदाही गुडघ्यांचं नाव काढलं नाही.

बसलेल्या प्रत्येक खिट्टीच्या पाठीवर त्यांनी छिन्नीनं आकडा कोरला, आणि तोच चौकटीच्या आतल्या बाजूला. आपले आकडे, १, २, ३. कॉलिनच म्हणाला होता की ज्यानं केलं त्याची खूण हवी. पुढे कधी कुणी सुतार त्या खोल्यांत टॉर्च मारील तेव्हा माळ्यावर त्याला फुल्या दिसतील आणि खाली आमचे आकडे. माझी अट एकच होती, खोल कोरा. माझ्यासारखी एखादी आली तरी पुसता येता कामा नये.

शेवटची खिडकी कोपऱ्यातल्या मोठ्या खोलीची होती. बाहेर वारा होता, पडदा फडफडत होता, शिशातल्या काचा थरथरत होत्या. श्रीकांतनी खिट्टी फिरवली. ती कोरीवरून गेली आणि बसली. पडदा खाली आला. काचा थांबल्या.

हेस्टरबाई खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. "ही खोली पहिल्यांदाच गप्प झाली," त्या म्हणाल्या. मग श्रीकांतकडे वळून म्हणाल्या की ईस्टरला सगळ्या खोल्या उघडतील. श्रीकांतनी मान हलवली. मला माहीत आहे, त्या क्षणी त्यांना वडिलांची, माझ्या सासऱ्यांची, आठवण झाली असणार. मला तरी झाली.

निघताना

मुक्ता न्यायला आली तेव्हा हेस्टरबाई माझा स्टीलचा डबा घेऊन बाहेर आल्या. आतली पुडी कधीच संपली होती. डबा स्वच्छ घासलेला होता, आणि जड लागला. उघडला तर पांढऱ्या रुमालात ती उरलेली खिट्टी.

"नाही, नाही," मी म्हटलं, "ही तुमच्या घराची आहे."

"तिची खिडकी नाही इथं," त्या म्हणाल्या. "आणि तुमचं भांडं रिकामं कसं देऊ?"

मी त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनीही मला वाकून केला. मुक्तानं गाडी काढली. मी मागे वळून पाहिलं तर घर पुन्हा पुढून दिसत होतं, सरळ, लाल, आणि वरची ती रंगवलेली खिडकी. श्रीकांतही वळून बघत होते. "तीच एक लागत नाही बघ," ते म्हणाले.

पुन्हा पीण्या

परत आल्यावर श्रीकांतनी शेडमधली तारेची खिडकी सोडवली. ती खिट्टी तिथं बसेना, हे सांगायला नकोच. मला वाटलं, आता बत्ती पेटवतील. पण त्यांनी खिट्टीला हात लावला नाही. चौकट उकलली, फळी घातली, दोनदा काढली, पुन्हा घातली, आणि खिडकीच तिच्यासाठी जरा सरकवून घेतली. ते पूर्ण होईपर्यंत मी चहा घेऊन उभी होते. खिडकी लागली तेव्हा बाहेरच्या ग्राइंडरचा आवाज एकदम कमी झाला. चहा गार झाला होता, तो आम्ही तसाच प्यालो.

दसऱ्यापासून शेड मंजुनाथची. आदल्या दिवशीच्या आयुधपूजेला त्यानं स्वतःच सगळी हत्यारं काढली, घासायला घेतली. खिट्टी सहा महिन्यांत पीण्याच्या हवेनं पुन्हा काळवंडायला लागली होती. तिच्या मागच्या बाजूला श्रीकांतनी एक रेघ कोरली आहे, खोल. तिच्याकडे बोट दाखवून मंजुनाथनं विचारलं, "अक्का, इदन्नु उज्जला?" हीही घासू का?

"बेडा," मी म्हटलं. "ती राहू दे."

श्रीकांत लेथजवळ बसले होते, सासऱ्यांची पाणसळ पुसत. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मी हळद-कुंकवाची वाटी घेतली, खिट्टीला दोन बोटं लावली, एक फूल वाहिलं, आणि कोहळा फोडायच्या आधी बाहेरची धूळ आत येऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली.